महर्षी होण्यापूर्वीचे पंजाबराव

अमरावती-अकोल्याकडे वाढलेल्या कोणालाही डॉ. पंजाबराव देशमुख हे नाव आधी माणसाचे म्हणून भेटत नाही. ते भेटते वैद्यकीय महाविद्यालयाच्या पाटीवर, कृषी विद्यापीठाच्या कमानीवर, कापसाच्या आणि ज्वारीच्या वाणांना लावलेल्या ‘पीकेव्ही’ या अक्षरांत, आणि अलीकडच्या काळात वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या अर्जावर. नावाच्या आधी ‘शिक्षणमहर्षी’ किंवा ‘कृषिमहर्षी’ यांपैकी एक विशेषण हटकून असते. गौरवग्रंथात दोन्ही असतात. दरवर्षी २७ डिसेंबरला जयंतीची भाषणे होतात आणि त्या भाषणांतून एक प्रेमळ, दूरदर्शी, कोणाशीही न भांडलेला पुरुष उभा राहतो. प्रत्यक्षातले पंजाबराव मात्र आयुष्यभर राजकारणी होते. निवडणुका लढवणारे, सत्तापदे स्वीकारणारे, ती सोडणारे, सभागृहात दुरुस्त्या मांडून हरणारे. विशेषणाने या राजकारण्याला गिळले आहे, आणि त्याबरोबर वऱ्हाडच्या इतिहासातले काही अवघड प्रश्नही गिळले आहेत, असे मला वाटते.

‘महर्षी’ या शब्दाचा मराठीतला प्रवास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. कर्वे आणि विठ्ठल रामजी शिंदे यांना तो लागला तेव्हा त्यात व्रतस्थपणाचा अर्थ होता: सत्तेपासून दूर राहून, उपेक्षा सोसून एकच काम करत राहणे. १९८३ नंतर विनाअनुदानित महाविद्यालयांचे पेव फुटले आणि ‘शिक्षणमहर्षी’ हा शब्द संस्थाचालकांच्या वाढदिवसाच्या फलकांवर गेला. आज तो उच्चारताना पुष्कळांच्या ओठांवर हसू येते. पंजाबरावांना यांतला कोणताच अर्थ बसत नाही. पदाचा उपयोग संस्थांच्या वैभवासाठी करणाऱ्यांतले ते नव्हते, आणि सत्तेपासून दूर राहणाऱ्यांतले तर मुळीच नव्हते. सत्ता हे सामाजिक सुधारणेचे पहिले हत्यार आहे, या समजुतीवर त्यांची सारी कारकीर्द उभी आहे.

ती कारकीर्द कळण्यासाठी वऱ्हाडची त्या काळातली विचित्र राजकीय स्थिती लक्षात घ्यावी लागते. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला. १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने दिला गेला आणि १९०३ मध्ये कारभारापुरता मध्यप्रांताला जोडला गेला. पण कायद्याच्या भाषेत सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. परिणामी वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडचे मतदार नागपूरच्या कायदेमंडळासाठी प्रतिनिधी निवडत, आणि निवडून आलेल्या त्या माणसांची सरकार पुन्हा ‘नियुक्ती’ करत असे, कारण परक्या मुलखातून निवडून आलेला सदस्य कायद्याला मान्य नव्हता. लोकांनी निवडलेला आणि तरी कागदोपत्री सरकारने नेमलेला, असा हा वऱ्हाडी आमदार. १९३० मध्ये पंजाबराव नागपूरला गेले ते असेच.

त्यांच्या आधीचे अमरावतीचे राजकारण वकिलांचे होते. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष आणि टिळकांचे निकटचे सहकारी दादासाहेब खापर्डे, मवाळ पक्षाचे मोरोपंत जोशी ही त्या पिढीची मोठी नावे. वक्तृत्व, इंग्रजीवर प्रभुत्व, पुण्या-मुंबईशी संबंध हे त्या राजकारणाचे भांडवल. त्या सभांत शेतकरी विषय म्हणून हजर असे, वक्ता म्हणून क्वचित. कापसाच्या पैशावर अमरावतीची पेठ फुगली आणि अकोल्यातही कापसाचा व्यापार वाढला, पण कापूस पिकवणारा कुणबी, माळी किंवा महार शेतमजूर या दोन्ही शहरांत खरेदीसाठी, कर्जासाठी आणि कोर्टकचेरीसाठी येत होता.

पंजाबरावांचा जन्म १८९८ चा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या गावचा. मूळ आडनाव कदम. देशमुखी वतनामुळे देशमुख झालेले. शिक्षणासाठी गाव सोडावे लागले: चांदूर रेल्वे, कारंजा, मग अमरावतीचे हिंदू हायस्कूल, पुढे पुण्याचे फर्ग्युसन. तिथली पदवी पूर्ण न करताच १९२० मध्ये ते इंग्लंडला गेले. एडिंबरोची एम. ए., ऑक्सफर्डची डी. फिल. आणि बॅरिस्टरी घेऊन १९२६ मध्ये परतले. ऑक्सफर्डच्या प्रबंधाचा विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. १९३३ मध्ये तो ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या विषयनिवडीपाशी थोडे थांबायला हवे. त्याच वेळी महाराष्ट्रात वेदोक्ताचा वाद अजून जिवंत होता. वेद वाचण्याचा, ऐकण्याचा आणि त्यांच्या मंत्रांनी संस्कार करून घेण्याचा अधिकार कोणाला, यावर राजे आणि पुरोहित भांडले होते. अशा वेळी एका कुणबी-मराठा घरातला मुलगा परदेशी जाऊन वेदांवरच प्रबंध लिहितो, आणि धर्म हा मानवी समाजात क्रमाने वाढलेला व्यवहार आहे या गृहीतावर तो रचतो. अधिकार मागण्यापेक्षा विषयच ताब्यात घेण्याचा हा मार्ग होता.

परतल्यानंतरची दोन वर्षे अतिशय गजबजलेली आहेत. डिसेंबर १९२६ मध्ये स्वामी श्रद्धानंदांची हत्या झाली. त्यांच्या नावाने पंजाबरावांनी अमरावतीत वसतिगृह उघडले आणि त्यात सर्व जातींच्या मुलांना घेतले. १९२७ मध्ये विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. त्याच वर्षी अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चाललेल्या चळवळीत ते पुढे होते. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन नाट्यगृहात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडच्या अस्पृश्य वर्गाची परिषद भरली. महाडच्या चवदार तळ्याला तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. देवस्थानच्या पंचांना मुदत द्यावी म्हणून प्रत्यक्ष सत्याग्रह लांबणीवर टाकण्यात आला. वेदांचा ऑक्सफर्डमधला अभ्यासक आणि कोलंबिया-लंडनहून आलेला अर्थशास्त्रज्ञ, दोघेही बॅरिस्टर, अंबादेवीच्या दारासाठी एका बाजूला उभे आहेत, हे चित्र वऱ्हाडच्या स्मृतीत असायला हवे तेवढे ठळक नाही. हे दोघे पुढे एका सभागृहात एकमेकांच्या विरुद्ध उभे राहिले. त्याकडे नंतर येऊ.

याच १९२७ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीच्या पंढरीनाथ पाटलांनी जोतीराव फुल्यांचे मराठीतले पहिले चरित्र प्रसिद्ध केले. पुण्याच्या माणसाचे चरित्र पुण्याने लिहिले नाही, वऱ्हाडने लिहिले. सत्यशोधक विचार वऱ्हाडात किती खोल उतरला होता याची ही खूण आहे, आणि पंजाबरावांचे राजकारण त्या जमिनीत उगवले. खापर्ड्यांच्या दिवाणखान्याशी त्याचे नाते जुळत नाही.

१९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. जिल्हा कौन्सिलच्या अखत्यारीतल्या सार्वजनिक विहिरी त्यांनी अस्पृश्यांना खुल्या केल्या आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी कर वाढवला. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच धाडसाची होती. विहिरीचा ठराव सनातन्यांना दुखावतो. कराचा ठराव आपल्याच मतदारांना दुखावतो. शेतकऱ्यांच्या नावाने निवडून आलेला अध्यक्ष शेतकऱ्यांवरच कर बसवतो आणि त्यातून शाळा काढतो, हा हिशेब पुढच्या काळातल्या फार थोड्या शेतकरी नेत्यांनी केला.

यानंतरचे वर्ष म्हणजे १९३०. जयंतीच्या भाषणांत या वर्षाचा उल्लेख एका वाक्यात होतो: ते प्रांतिक मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री झाले. वाक्य खरे आहे, पण त्या वर्षी वऱ्हाडात दुसरे काय चालले होते ते त्यात येत नाही. वऱ्हाडला समुद्र नाही. म्हणून एप्रिलमध्ये अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याला पूर्णेच्या खोऱ्यातल्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडण्यात आला. जुलैत बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी आणि त्यांच्याबरोबरचे कार्यकर्ते तुरुंगात जात होते. काँग्रेसने कायदेमंडळांवर बहिष्कार घातला होता. त्या रिकाम्या झालेल्या मैदानात झालेल्या निवडणुकीत पंजाबराव निवडून आले आणि द्विदल पद्धतीखालचे मंत्री झाले.

राष्ट्रीय चळवळीच्या चौकटीत लिहिलेल्या इतिहासाला ही गोष्ट अडचणीची वाटते, म्हणून चरित्रकार ती भरभर ओलांडतात. मला ती त्यांच्या कारकिर्दीचे केंद्र वाटते. एक तर सत्ता स्वीकारण्याची वाट अमरावतीला नवी नव्हती. टिळकांच्या प्रतियोगी सहकाराचा वारसा सांगणारा पक्ष वऱ्हाड-नागपुरात बलवान होता. अमरावतीचेच श्रीपाद बळवंत तांबे यांनी १९२५ मध्ये गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातले पद स्वीकारले, त्यावरून देशभरच्या स्वराज्य पक्षात फूट पडली, आणि तांबे १९२९ मध्ये मध्यप्रांताचे हंगामी गव्हर्नरही झाले. तांब्यांच्या पदस्वीकाराला इतिहासकार घटनात्मक राजकारण म्हणतात. मग ब्राह्मणेतर नेत्याच्या पदस्वीकाराला सरकारधार्जिणेपणा कसा म्हणायचा? त्या काळच्या वर्तमानपत्री भाषेत हा फरक सरसकट केला जाई, आणि त्याचे अवशेष आजही पाठ्यपुस्तकी गप्पांत सापडतात.

पण एवढ्याने प्रश्न मिटत नाही. पंजाबरावांच्या मंत्रिपदाची किंमत होती, आणि ती मान्य करायला हवी. ज्या सरकारात ते बसले होते तेच सरकार दहिहांड्याच्या आणि पुसदच्या माणसांना तुरुंगात पाठवत होते. द्विदल पद्धतीत पोलीस, महसूल, तिजोरी ही खाती राखीव होती. शिक्षण, शेती यांसारखी खाती सोपीव. मंत्री शाळा उघडू शकत होता, तिच्यासाठी पैसा दुसऱ्याकडे मागावा लागत होता. लाठीमार थांबवणे तर त्याच्या हातातच नव्हते. हे सारे ठाऊक असूनही त्यांनी पद घेतले. परकीय राज्य आज जाईल की वीस वर्षांनी जाईल याची वाट न पाहता आज शाळेत बसलेल्या मुलाचे काय ते पाहायचे, हा फुल्यांपासून चालत आलेला विचार त्यामागे होता. तो पटो न पटो, पण तो विचार होता. केवळ पदाचा मोह म्हणून त्याची वासलात लावता येत नाही.

या तीन वर्षांतली दोन कामे महत्त्वाची. १९३२ मध्ये त्यांनी हिंदू देवस्थानांच्या संपत्तीविषयीचे विधेयक मांडले. देवस्थानांच्या उत्पन्नाचा हिशेब घ्यावा आणि त्यातला पैसा शिक्षणासारख्या लोकोपयोगी कामांकडे वळवावा, हा त्याचा गाभा. सनातनी मंडळींनी त्याला कडाडून विरोध केला. अंबादेवीच्या दारात पाच वर्षांपूर्वी प्रवेशाचा प्रश्न होता. आता तिजोरीचा होता. दारापेक्षा तिजोरीचे भांडण अधिक चिवट असते, हे सांगायला नको.

दुसरे काम कर्जाचे. १९२९ नंतरच्या मंदीत कापसाचे भाव कोसळले. भाव चढे असताना काढलेले कर्ज भाव पडल्यावर फेडायचे म्हणजे दुप्पट-तिप्पट कापूस द्यायचा, आणि व्याज चालूच. १९३३ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात कर्ज लवाद कायदा झाला. अशा प्रकारचा देशातला हा पहिला कायदा मानला जातो, आणि पंजाबरावांना त्याचे श्रेय दिले जाते. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. कर्ज माफ होत नव्हते. लवाद मंडळ धनको आणि ऋणको यांना समोरासमोर बसवी, धनकोला आपल्या येण्याचा तपशील मांडायला लावी, शेतकऱ्याची फेडण्याची कुवत पाही आणि तडजोडीने रक्कम व हप्ते ठरवी. वाजवी तडजोड नाकारणाऱ्या धनकोची पुढे दिवाणी न्यायालयात अडचण होईल अशी तरतूद होती. म्हणजे सावकाराला शत्रू ठरवून भाषण ठोकण्याऐवजी त्याला वहीसकट टेबलाशी आणण्याची युक्ती. कायद्याला मर्यादा होत्या: तडजोड झाली तरी पुढच्या पेरणीचे भांडवल कोठून आणायचे, याचे उत्तर त्यात नव्हते, आणि लवादातून सुटलेला शेतकरी त्याच सावकाराच्या ओट्यावर पुन्हा जाई. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले, तेव्हा व्याजमाफीची आणि कर्जाच्या पुनर्गठनाची जी चर्चा झाली तीत १९३३ च्या या प्रयोगाची आठवण कोणी काढल्याचे माझ्या वाचनात नाही. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम हे सगळे वऱ्हाडचेच जिल्हे. सहावा तेवढा वर्धा.

१९३३ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. तोवर शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली होती. तिचे वर्ष १९३२. या संस्थेविषयी लिहिताना ‘राजकारणापासून अलिप्त असे शैक्षणिक कार्य’ असा शब्दप्रयोग करण्याची पद्धत आहे. मला तो उलटा वाटतो. खेड्यापाड्यांत निघालेल्या शाळा, त्यांतले शिक्षक, वसतिगृहात राहून वकील-डॉक्टर झालेली मुले, संस्थेच्या सभासदत्वासाठी पैसे देणारे पाटील-देशमुख, या सगळ्यांतून वऱ्हाडात नवा मध्यमवर्ग घडला, आणि जुन्या वकिली राजकारणाला पर्याय देणारा पक्का मतदारसंघही घडला. राजकारण आणि शिक्षण एकमेकांना जन्म देत होते. त्यात गैर काहीच नाही. खापर्ड्यांच्या पिढीचे राजकारणही नागपूर-पुण्याच्या महाविद्यालयांनीच घडवले होते. गैर आहे ते हे नाते लपवणे. कारण ते लपवले की संस्थेतल्या निवडणुका, गट, जातींचे हिशेब हे सारे ‘नंतर शिरलेले प्रदूषण’ वाटू लागते, आणि मुळातला राजकीय हेतू, त्यातल्या उदात्ततेसकट, दिसेनासा होतो.

पुढची दहा-बारा वर्षे तुलनेने शांत गेली. काँग्रेसचा जोर, १९३७ चे काँग्रेस मंत्रिमंडळ, युद्ध, ‘चले जाव’ या घडामोडींत पंजाबराव मध्यवर्ती नव्हते. देवास संस्थानात काही काळ त्यांनी मंत्री म्हणून काम केले. ते पुन्हा प्रकाशात येतात १९४६ मध्ये, मध्यप्रांत-वऱ्हाडातून संविधान सभेत निवडून गेल्यावर. मधल्या काळात ऑगस्ट १९४७ मध्ये अकोल्याला झालेल्या करारावर सह्या करणाऱ्यांत तेही होते. संयुक्त महाराष्ट्रात महाविदर्भाला स्वतंत्र कायदेमंडळासह उपप्रांताचे स्थान द्यावे, असे त्या करारात ठरले होते. कराराचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे.

संविधान सभेतले पंजाबराव हा गौरवग्रंथांत सर्वांत कमी वाचला गेलेला भाग आहे. शेतकरी आणि मागासलेल्या जाती यांना नोकऱ्यांत आणि सत्तेत वाटा मिळावा म्हणून त्यांनी आग्रह धरला, एवढे सांगितले जाते. १९५० मध्ये त्यांनी मागासवर्गीयांचा अखिल भारतीय महासंघ उभारला, तो त्याच धाग्याचा पुढचा टप्पा. विदर्भातल्या मराठ्यांनी कुणबी नोंद स्वीकारावी हा सल्ला त्यांनीच दिला, असे २०२३ नंतरच्या मराठा आरक्षणाच्या वादात मराठवाड्याच्या व्यासपीठांवरूनही सांगितले गेले. एका मृत नेत्याला जिवंत वादात साक्षीला बोलावण्याचा हा प्रकार आहे, आणि त्यातून त्यांचे राजकीय वजन अजून किती आहे तेही कळते.

पण ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या कलमांवर चर्चा झाली त्या वेळी त्यांनी जी भूमिका घेतली, तिचा उल्लेख वऱ्हाडातल्या सभांत होत नाही. आंबेडकरांनी मांडलेला मसुदा जन्म, वास्तव्य आणि स्थलांतर यांवर नागरिकत्व ठरवत होता. पंजाबरावांचा आक्षेप असा की, केवळ या देशात जन्म झाला एवढ्यावर नागरिकत्व दिले तर ते जगातले सर्वांत स्वस्त नागरिकत्व ठरेल. त्यांनी दुरुस्ती सुचवली: दुसऱ्या कोणत्याही देशाचा नागरिक नसलेला प्रत्येक हिंदू आणि शीख, तो कोठेही राहत असो, भारताच्या नागरिकत्वाला पात्र असावा. मुसलमानांना पाकिस्तान मिळाले, हिंदूंना आणि शिखांना दुसरा देश नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. नेहरू, अल्लादी कृष्णस्वामी अय्यर, गोपालस्वामी अय्यंगार यांनी धर्मावर आधारलेल्या या भेदाला विरोध केला आणि दुरुस्ती फेटाळली गेली. २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्यानंतर हे भाषण दिल्लीच्या लेखांत आणि निबंधांत पुन्हा पुन्हा उद्धृत झाले. समर्थकांनी दाखला म्हणून, विरोधकांनी इशारा म्हणून. अमरावतीत त्याची फारशी चर्चा झाली नाही.

अंबादेवीच्या दारासाठी उभा राहणारा माणूस धर्मावरून नागरिकत्व द्या म्हणतो, ही विसंगती कशी समजून घ्यायची? फाळणीची वर्षे होती, निर्वासितांचे लोंढे दिसत होते, हे एक उत्तर. पण मला त्यांच्या आधीच्या कारकिर्दीतही याची मुळे दिसतात. वसतिगृहाला त्यांनी नाव दिले ते शुद्धी चळवळीच्या श्रद्धानंदांचे. त्यांची समता हिंदू समाजाच्या आत जातींच्या भिंती पाडणारी होती. त्या समाजाच्या कडा कोठे संपतात, हा प्रश्न त्यांनी वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता. १९२७ मध्ये आंबेडकर आणि ते एका बाजूला उभे राहू शकले, कारण तेव्हा प्रश्न आतल्या भिंतीचा होता. १९४९ मध्ये प्रश्न कडेचा होता. यात आणखी एक गंमत आहे. जन्मापेक्षा काटेकोर कसोटी मागणारे हे बॅरिस्टर स्वतः पापळला जन्मले तेव्हा ते गाव कायद्याने निजामाच्या मुलखात मोडत होते. ब्रिटिश हिंदुस्थानच्या भूमीवर जन्मलो, असे त्यांना तांत्रिकदृष्ट्या म्हणता आले नसते.

१९५२, १९५७ आणि १९६२ अशा तीन निवडणुका त्यांनी अमरावतीतून जिंकल्या आणि १९५२ ते १९६२ ते केंद्रात मंत्री होते. ‘भारताचे पहिले कृषिमंत्री’ ही उपाधी त्यांना पाट्यांवरून सर्रास दिली जाते. ती दुरुस्त करायला हवी. त्यांच्या आधी राजेंद्रप्रसाद, जयरामदास दौलतराम आणि कन्हैयालाल मुन्शी यांनी अन्न व शेती खाते सांभाळले होते. पंजाबराव त्या खात्यात आले तेव्हा कॅबिनेट दर्जाचे मंत्री होते रफी अहमद किडवई; पुढे अजितप्रसाद जैन, मग स. का. पाटील. पंजाबरावांकडे शेतीचा भार होता, पण मंत्रिमंडळाच्या बैठकीतली कायमची खुर्ची नव्हती. हा तपशील किरकोळ नाही. दहा वर्षे एकाच खात्यात राहून, तीन वरिष्ठ बदललेले पाहून, शेतीची जाण असलेल्या माणसाला ते खाते पूर्णपणे न सोपवणे, यातून नेहरूंच्या काळातल्या दिल्लीत शेतीला आणि शेतकरी जातींतून आलेल्या नेत्याला काय स्थान होते ते कळते. ‘पहिले’ हे विशेषण देऊन आपण त्यांचा सन्मान करतो आणि त्यांची खरी तक्रार पुसून टाकतो.

त्या मर्यादेत त्यांनी केलेली कामे मात्र चांगलीच ठळक आहेत. १९५३ पासून भातशेतीच्या जपानी पद्धतीचा प्रचार त्यांनी हिरिरीने केला: चांगले बियाणे, गादीवाफ्यावरची रोपे, ओळीत लावणी, खताचा नेमका वापर. ज्वारी-कापसाच्या काळ्या मातीतून गेलेल्या माणसाने भाताचा प्रचारक व्हावे याची त्या वेळी थट्टाही झाली असेल. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. शेतकऱ्यांची पक्षनिरपेक्ष देशव्यापी संघटना ही त्यामागची कल्पना. स्वतः सत्ताधारी पक्षाचे मंत्री असताना ती काढणे यातली अडचण उघड आहे, आणि ती संघटना रस्त्यावरची का झाली नाही याचे एक कारणही तिथेच आहे. पण डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत भरलेले जागतिक कृषी प्रदर्शन याच संघटनेने भरवले. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर त्या वेळी दिल्लीत आले होते आणि आपल्या देशाच्या दालनाच्या उद्घाटनाला हजर राहिले. सोव्हिएत संघाचेही दालन होते. शीतयुद्धातल्या दोन्ही बाजूंचे ट्रॅक्टर एका मैदानात, आणि यजमान पापळचा.

१९६२ नंतर ते मंत्रिमंडळात नव्हते. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. विमलाबाई पुढे राज्यसभेच्या सदस्य झाल्या.

महाराष्ट्रातले पहिले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये राहुरीला झाले. विदर्भाचे विद्यापीठ अकोल्यालाच हवे यासाठी लोक रस्त्यावर आले. ते आंदोलन उग्र झाले. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात विद्यापीठ सुरू झाले आणि त्याला पंजाबरावांचे नाव देण्यात आले. आरंभी ते ‘पंजाबराव कृषी विद्यापीठ’ एवढेच होते, म्हणून वाणांच्या नावात तीनच अक्षरे राहिली. ‘डॉक्टर’ आणि ‘देशमुख’ नंतर जोडले गेले. ती डॉक्टर पदवी शेतीतली नाही, वेदांवरची आहे, हे विद्यापीठाच्या कमानीखालून रोज जाणाऱ्या मुलांपैकी किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे.